नाशिकच्या कारखान्यात पर्यावरणपूरक मॉड्यूलर घर: मोजमापापासून जागेवरच्या जोडणीपर्यंत

अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणं, वाकवणं, वेल्डिंग, पावडर कोटिंग, इलेक्ट्रिक पॅनेलची जुळणी ही कामं कित्येक वर्षं चालू आहेत. मिलिमीटरमध्ये विचार करणारे टूलरूमचे कारागीर आणि जिग-फिक्स्चर (एकसारखे भाग बनवण्याचे साचे) बनवणारे वर्कशॉप इथं शोधत फिरावं लागत नाही. मॉड्यूलर घराला, म्हणजे कारखान्यात भागाभागांत बनवून जागेवर जोडायच्या घराला, लागणारं सगळ्यात अवघड कौशल्य हेच आहे, आणि ते नाशिकमध्ये आधीच आहे. कमी पडतं ते घराचं ज्ञान: पाणी कुठून शिरतं, ऊन कुठून येतं, जमीन कशी हलते, परवानगी कोण देतं.

लहान किंवा मध्यम कारखाना चालवणाऱ्या आणि या कामात उतरू पाहणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. शेतावर, द्राक्षबागेत किंवा कृषी पर्यटनासाठी असं घर मागवणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल, कारण विकत घेताना काय विचारायचं तेही यात आहे. उदाहरण म्हणून सुमारे ४५ चौरस मीटरचं, तळमजल्याचं, एका कुटुंबाचं घर धरलं आहे.

पूर्ण खोका की पॅनेल?

कारखान्यात घर बनवायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत भिंती, फरशी, छत, नळ, वायरिंग यांसह अख्खी खोली तयार होऊन ट्रेलरवर जाते. दुसरीत भिंतींची आणि छपराची पॅनेल तयार होतात आणि जागेवर उभी केली जातात. केंद्र सरकारच्या लाइट हाउस प्रकल्पांत, ज्यांची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली, या दोन्ही वाटा वेगवेगळ्या शहरांत वापरल्या गेल्या. रांचीत काँक्रीटच्या तयार त्रिमितीय खोल्या एकमेकींवर रचल्या, तर अगरतळ्यात हलक्या पोलादी चौकटीची पद्धत घेतली. ते प्रकल्प हजारेक घरांच्या इमारतींचे होते. आपल्याला एकेक सुटं घर वेगवेगळ्या गावी पोहोचवायचं आहे, त्यामुळे गणित वेगळं होतं.

माझं मत स्पष्ट आहे. नाशिक जिल्ह्यासाठी मिश्र पद्धत घ्या. ज्या भागात पाणी आहे, म्हणजे स्वयंपाकघर, मोरी, संडास, तो ‘ओला गाभा’ कारखान्यात पूर्ण तयार करा आणि एकसंध खोका म्हणून न्या. बाकीच्या कोरड्या खोल्या पॅनेलने उभ्या करा. घरातल्या गळतीच्या बहुतेक तक्रारी ओल्या भागातून येतात. तो भाग शेडमध्ये, छपराखाली, तपासणी करून बनवला तर कारखान्याचा खरा फायदा तिथंच मिळतो. झोपायच्या खोलीतली रिकामी हवा मात्र ट्रेलरवर लादून कसारा घाट उतरवण्यात काही हशील नाही.

रस्ता मोजा, मग घर आखा

नकाशा काढण्याआधी कारखान्यापासून प्लॉटपर्यंतचा रस्ता प्रत्यक्ष फिरून मोजायचा. मुंबई-आग्रा महामार्ग किंवा समृद्धी महामार्ग अडवत नाही. अडवतो तो शेवटचा टप्पा: बागेकडे वळणारा पाणंद रस्ता, ओढ्यावरचा अरुंद पूल, वाकलेली बाभूळ आणि लोंबणाऱ्या विजेच्या तारा. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार नियमाने किमान ५.८ मीटर उंच हवी, पण शिवारात ती झोळ पडून बरीच खाली आलेली असते. प्रत्येक तारेची उंची इन्सुलेटेड दांडीने किंवा लेझर मीटरने मोजा आणि जिथं शंका आहे तिथं महावितरणकडे आधीच अर्ज करा.

आता रुंदी. वाहनाची कायदेशीर रुंदी २.६ मीटर आहे. त्याहून रुंद माल नेला की तो ‘ओव्हर डायमेन्शनल’ ठरतो, म्हणजे वेगळी परवानगी, वेळेची बंधनं आणि जास्त भाडं. दुसरीकडे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की राहत्या खोलीची रुंदी किमान २.४ मीटर आणि क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर हवं. दोन खोल्या असतील तर दुसरी ७.५ चौरस मीटरची आणि २.१ मीटर रुंद चालते. भिंतीची जाडी दोन्ही बाजूंना १०० मिलिमीटर धरली तर २.६ मीटरच्या खोक्यात आत बरोबर २.४ मीटर उरतात. कागदावर बसतं, पण बाहेरचा एक पन्हाळीचा पत्रा किंवा पाइप पुढे आला की गेलं. स्वयंपाकघराला मात्र १.८ मीटर रुंदी आणि ५ चौरस मीटर पुरतात. म्हणून ओला गाभा २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब असा आखला, तर तो विशेष परवानगीशिवाय रस्त्यावर जातो आणि नियमातही बसतो. मिश्र पद्धतीचा आग्रह धरण्याचं हे दुसरं कारण.

उंचीकडे दुर्लक्ष होतं आणि तीच शेवटी नडते. राहती खोली आणि स्वयंपाकघर यांची आतली उंची संहितेप्रमाणे किमान २.७५ मीटर हवी. त्यात तळाची चौकट, फरशी आणि छत मिळवलं की खोका ३.०५ मीटरपर्यंत जातो. साध्या ट्रकच्या हौद्यावर तो ठेवला तर सव्वाचार मीटरच्या वर उंची होते. लो-बेड, म्हणजे बुटक्या तळाचा ट्रेलर घेतला की चार मीटरच्या आसपास राहते. त्यामुळे उतरतं छप्पर खोक्यासोबत कधीच पाठवू नका. कैच्या आणि पत्रे वेगळे न्या.

परवानगी आणि पैसा

“घर कारखान्यात बनलंय, उचलून नेता येतं, मग परवानगी कशाला?” हा प्रश्न हमखास येतो. पायाला बोल्टने जखडलेलं आणि माणसं राहणार असलेलं बांधकाम हे बांधकामच असतं. शहराच्या हद्दीत नाशिक महानगरपालिका, आजूबाजूच्या गावांत नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, बाकी ठिकाणी जिथं जो नियोजन अधिकारी असेल तो. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०२० पासून लागू आहे, तिच्यातले सामासिक अंतराचे आणि खोल्यांच्या मापांचे नियम मॉड्यूलर घरालाही लागतात. जमीन शेतीची असेल तर अकृषिक वापराचा किंवा शेतघराच्या तरतुदींचा विषय आधी मिटवा. पत्रा कापायला घेण्यापूर्वी सातबारा, मोजणी नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीचे आराखडे फाइलमध्ये हवेतच.

कर्जाचं वेगळं दुखणं आहे. बँक साधारणपणे जागेवरची प्रगती पाहून हप्ते सोडते: जोतं झालं, स्लॅब झाला. आपलं निम्म्याहून जास्त काम कारखान्यात होतं, तेव्हा प्लॉट रिकामाच दिसतो. म्हणून करार करतानाच टप्पे कारखान्यातल्या कामाशी जोडा आणि बँकेच्या मूल्यांकनकर्त्याला शेडमध्ये आणा. पुढे एकच रचना वारंवार विकायची असेल तर बीएमटीपीसी या केंद्र सरकारच्या बांधकाम-तंत्रज्ञान संस्थेच्या कामगिरी मूल्यांकन प्रमाणपत्राचा विचार करा. नव्या बांधकाम पद्धतींसाठी ती योजना आहे आणि सरकारी निविदांत तिचा उपयोग होतो.

नकाशा गोठवा

नेहमीच्या बांधकामात प्लग पॉइंट भिंत उभी राहिल्यावरही हलवता येतो. इथं तो हलवणं म्हणजे सांगाड्यातलं भोक, वायरची लांबी आणि बोर्डाचा कट असं सगळंच हलवणं. त्यामुळे एका ठरावीक तारखेला ग्राहकाची प्रत्येक पानावर सही घ्या आणि त्यानंतर बदल बंद. कुटुंबातल्या सगळ्यांना, विशेषतः स्वयंपाकघर रोज वापरणाऱ्या व्यक्तीला, त्या बैठकीला बोलवा. शेडच्या जमिनीवर खडूने पूर्ण मापात खोल्या आखून त्यांना त्यात फिरवा. गिरणीची जागा, देवघर, पाण्याचं पिंप, बाहेरची भांडी घासायची मोरी हे प्रश्न तेव्हाच वर येतात.

कचरा कमी करायचा असेल तर तो इथंच कमी होतो. बोर्ड येतात १२२० बाय २४४० मिलिमीटरचे. भिंत २७५० ची. प्रत्येक बोर्डावर ३१० मिलिमीटरचा तुकडा जोडत बसलात तर कापाकापी आणि सांधे दोन्ही वाढतात. त्यापेक्षा ३०५० मिलिमीटर लांबीचे बोर्ड मागवा, किंवा २४४० वर आडवी पट्टी घेऊन वरचा भाग झरोक्यांना द्या. सांगाड्यातल्या उभ्या पट्ट्या ६१० मिलिमीटरवर ठेवल्या की दोन गाळ्यांत एक बोर्ड बरोबर बसतो. खिडकीची रुंदीही त्याच गाळ्यात बसवा.

पर्यावरणपूरक असल्याचा दावा करायचा तर हिशोब लिहून ठेवा. भारतात एक टन पोलाद तयार होताना दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हलक्या चौकटीच्या घरात प्रति चौरस मीटर सुमारे ३० किलो पोलाद धरलं तर ४५ चौरस मीटरला १३५० किलो झालं. हा आकडा प्रत्येक घरामागे नोंदवा आणि पुढच्या घरात कमी करायचा प्रयत्न करा. हिरव्या रंगाच्या ब्रोशरपेक्षा ही वही जास्त खरी आहे.

जमीन आणि पाया

कारखान्यात सांगाडा चालू असतानाच जागेवर पाया झाला पाहिजे. मॉड्यूलर घराचा वेळ वाचतो तो या समांतर कामामुळे.

नाशिक जिल्ह्यात जमीन फार बदलते. त्र्यंबक, इगतपुरीकडे काही फुटांवर खडक लागतो. निफाड आणि गोदाकाठच्या पट्ट्यात खोल काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत उथळ पाया घेतला तर हलकं घर वर-खाली होतं, कारण माती दाबून धरायला त्याला वजनच नसतं. तिथं अंडर-रीम्ड पाइल घ्या, म्हणजे खाली फुगीर बल्ब असलेले खांब. हंगामानुसार ओल बदलते त्या थराच्या खाली, साधारण साडेतीन मीटरपर्यंत त्यांना न्यावं लागतं. पाइल जोडणाऱ्या तुळईखाली थोडी पोकळी ठेवा, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलत नाही. मुरमाच्या जागी साधे आरसीसी पेडेस्टल (बुटके खांब) पुरतात. जमिनीची चाचणी मात्र प्रत्येक प्लॉटवर करा.

पायाचे अँकर बोल्ट आणि कारखान्यातल्या तळाच्या चौकटीची भोकं जुळली नाहीत तर क्रेनचं भाडं चालू राहतं आणि सगळे बघत उभे राहतात. त्यामुळे बोल्टसाठी पत्र्याचं टेम्प्लेट कारखान्यातच, त्याच जिगवर कापा आणि जागेवर पाठवा. काँक्रीट ओतल्यावर कर्ण मोजा. दोन कर्णांत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर काँक्रीट ओलं असतानाच दुरुस्त करा.

ओल्या गाभ्याखालचा पेडेस्टल कोरड्या खोल्यांच्या जोत्यापेक्षा चौकटीच्या जाडीइतका खाली ठेवा, म्हणजे आतल्या फरश्या एका पातळीत येतात. गाभ्याखाली माणूस हात घालून पाइप उघडू शकेल एवढी जागा, बाजूला झडप आणि पाणी निघून जायला उतार हवा.

सांगाडा

गाभ्याच्या तळाची चौकट उचलली जाते आणि ट्रेलरवर धक्के खाते, म्हणून ती चॅनेलची किंवा पोकळ चौकोनी नळ्यांची, वेल्डिंगची करा. वेल्डिंग पूर्ण झाल्यावर हॉट-डिप गॅल्व्हनाइझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून लेप) करून घ्या. नुसता रेड ऑक्साइड मारून फरशीखाली गाडलेली चौकट काही पावसाळ्यांत गंजते आणि नंतर तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही.

भिंतींसाठी थंड वाकवलेल्या, जस्ताचा लेप असलेल्या पत्र्याच्या पट्ट्या वापरा, लेप किमान २७५ ग्रॅम प्रति चौरस मीटरचा. आयएस (भारतीय मानक) ८०१ ही त्यांच्या रचनेची संहिता आहे. रोल-फॉर्मिंग मशीन पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून भोकं पाडून, लांबीत कापून जॉबवर्कवर घ्या. कामाचा ओघ कायम झाल्यावर मशीनचा विचार करा. या पट्ट्यांना वेल्डिंग नको, स्क्रू हवेत. वेल्डिंगने जस्त जळतं आणि घर पुढे उलगडायचं झालं तर कटर लावावा लागतो. स्क्रूने जोडलेलं घर खोलून दुसरीकडे उभारता येतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी निवासाची सोय करणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा. मेळा संपल्यावर तेच घर शेतमजुरांच्या निवासाला किंवा शाळेच्या खोलीला कामी आलं, तर त्याच्यातल्या पोलादाचं चीज होतं.

जिग टेबलावर प्रत्येक पॅनेलची लांबी २ मिलिमीटरच्या आत आणि कर्ण ३ मिलिमीटरच्या आत बसला पाहिजे. बसला नाही तर पॅनेल पुढच्या टेबलावर जात नाही. इथं फोरमनला नाही म्हणण्याचा पूर्ण अधिकार द्या.

वाऱ्याचं गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करावं. आयएस ८७५ मध्ये नाशिकचा मूलभूत वाऱ्याचा वेग ३९ मीटर प्रति सेकंद आहे. त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की सुमारे ९१३ न्यूटन प्रति चौरस मीटर येतात, म्हणजे ढोबळमानाने ९० किलोचा दाब. पत्र्याचं छप्पर त्याच्या कैच्यांसकट प्रति चौरस मीटर १५ ते २० किलो भरतं. वारा छपराला वर ओढतो तेव्हा ते जागेवर ठेवायला त्याचं स्वतःचं वजन अजिबात पुरत नाही. म्हणून छपरापासून कैची, कैचीपासून उभी पट्टी, पट्टीपासून तळपट्टी आणि तळपट्टीपासून पाया अशी पट्ट्या-बोल्टची साखळी कुठेही न तुटता गेली पाहिजे. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात होतं. हलक्या घराला भूकंपाचा ताण कमी येतो, वाऱ्याचा जास्त.

भिंत आणि छप्पर: इथं घाई नको

निफाडला थंडीत पारा ५ अंशांच्या खाली जातो, मालेगावला उन्हाळ्यात ४२च्या वर. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सिन्नरच्या पूर्वेकडे टँकर लागतात. एका जिल्ह्यात एवढा फरक असताना एकच घर सगळीकडे विकणं ग्राहकावर अन्याय आहे. सांगाडा तोच ठेवा. कातडी बदला.

भिंतीची रचना बाहेरून आत अशी असू द्या: ८ मिलिमीटर फायबर सिमेंट बोर्ड, २० ते २५ मिलिमीटर हवेची पोकळी, पाणी रोखणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा, २५ मिलिमीटरचा सलग रॉकवूल (दगडी लोकर) थर, सांगाडा आणि त्याच्या गाळ्यांत ७५ मिलिमीटर रॉकवूल, शेवटी १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्ड. बाहेरचा सलग थर वगळायचा मोह होतो, कारण तो महाग वाटतो. पण रॉकवूलच्या तुलनेत पोलाद हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. गाळ्यांत कितीही भरा, पट्टीतून ऊन आत येतंच. थंडीच्या पहाटे त्याच पट्टीवर आतून दव साचतं आणि जिप्सम बोर्डवर काळ्या बुरशीच्या उभ्या रेघा दिसू लागतात. तो २५ मिलिमीटरचा थर दोन्ही रोखतो. हवेची पोकळी खाली आणि वर जाळी लावून उघडी ठेवा, म्हणजे आत शिरलेलं पाणी खाली गळून जातं.

पीयूएफचं (पॉलियुरेथेन फोमचं) सँडविच पॅनेल स्वस्त आणि जलद पडतं, उष्णताही चांगली रोखतं. छपराला ते चालेल. स्वयंपाकघराच्या भिंतीला मी ते सुचवणार नाही. रॉकवूल जळत नाही आणि गॅसच्या शेगडीशेजारी तोच गुण महत्त्वाचा. सिलिंडरसाठी बाहेरच्या बाजूला हवेशीर कप्पा करा. मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्डही बाजारात सुचवले जातात. डेन्मार्कमध्ये असे क्लोराइडयुक्त बोर्ड दमट हवेत पाझरू लागले, खारट पाण्याने स्क्रू गंजले आणि हजारो घरांवरून ते काढावे लागले. इगतपुरीचा पावसाळा त्याहून सौम्य नाही.

छपरासाठी केंद्राच्या इको निवास संहिता २०१८ ने उष्णता वहनाची मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश ठेवली आहे. ५० मिलिमीटर पीयूएफ पॅनेलचं मूल्य ०.४५ च्या आसपास येतं. मर्यादा गाठली म्हणून तिथं थांबू नका, कारण एकमजली घरात सगळ्यात जास्त ऊन छपरातूनच येतं. पत्रा पांढरा किंवा फिकट घ्या. शहरात ७–८ अंशांचा उतार चालेल, त्र्यंबक-इगतपुरीकडे १५ अंश ठेवा. वळचण ६०० ते ७५० मिलिमीटर बाहेर काढली तर पाऊस भिंतीवर मारत नाही आणि दक्षिणेच्या खिडकीवर उन्हाळ्यात सावली पडते. पश्चिमेला शक्यतो खिडकी नको. तिथं संडास, मोरी, माळा ठेवा.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात गारपीट होते. तिथं छपराचा पत्रा ०.५ मिलिमीटरपेक्षा पातळ नको आणि प्लास्टिकचे पारदर्शक पत्रेही नकोत. प्रकाश हवा तर उभे झरोके द्या.

हलक्या घराची एक उणीव मान्य करायला हवी. त्याला जडपणा नसतो, त्यामुळे ते पटकन तापतं आणि पटकन थंड होतं. नाशिकच्या रात्री उन्हाळ्यातही बऱ्यापैकी गार असतात. तो गारवा दिवसभर धरून ठेवायला घरात काहीतरी वजनदार हवं. मिश्र पद्धतीत ते सहज मिळतं: कोरड्या खोल्यांच्या जोत्यावर काँक्रीट आणि शहाबादी किंवा कोटा फरशी टाका. घराच्या मधली एक भिंत जागेवर फ्लाय अ‍ॅश विटांची बांधा. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रामुळे या परिसरात फ्लाय अ‍ॅश लांबून आणावी लागत नाही. रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की हीच फरशी आणि भिंत थंड होते आणि दुपार सुसह्य करते.

व्हरांडा, पडवीच्या कुडाच्या जाळ्या आणि छताखालचं अस्तर यासाठी बांबू घ्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात बांबूचं काम जाणणारे कारागीर आहेत. मानवेल भरीव असते आणि पडवीच्या चौकटीला चालते. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात प्रक्रिया केल्याशिवाय बांबू घरात घेऊ नका, भुंगा आणि वाळवी लागतेच. हे द्रावण पाण्यात विरघळतं, म्हणून असा बांबू पावसात भिजणाऱ्या जागी लावू नये.

ओला गाभा: तपासल्याशिवाय गेटबाहेर नाही

सगळे नळ आणि सांडपाण्याचे पाइप एकाच ‘ओल्या’ भिंतीत घ्या, स्वयंपाकघर एका बाजूला आणि मोरी दुसऱ्या बाजूला. त्या भिंतीला एक काढता येणारं पॅनेल ठेवा. मोरीच्या फरशीखाली सिमेंट बोर्ड, त्यावर वॉटरप्रूफिंगचा पडदा, तो भिंतीवर किमान ३०० मिलिमीटर आणि अंघोळीच्या बाजूला १८०० पर्यंत चढवा, मग टाइल. टाइलला लवचीक चिकटद्रव्य हवं, साधा सिमेंटचा माल प्रवासातल्या हादऱ्यांनी सुटतो.

मोरीत पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालून पाहा. पाण्याच्या पाइपला कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्या आणि काटा खाली येतो का ते बघा. गाभा क्रेनने उचलून पुन्हा ठेवल्यावर दाबाची चाचणी परत करा, कारण सैल सांधे तेव्हाच बोलतात.

वायरिंगमध्ये एक गोष्ट प्राणांशी निगडित आहे. अख्खं घर पोलादाचं असतं. एका वायरचं वेष्टण पत्र्याच्या भोकाच्या धारेवर घासलं तर सगळा सांगाडा जिवंत होऊ शकतो. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, सगळ्या वायर कंड्यूटमधून, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) आणि सांगाड्याचं आयएस ३०४३ प्रमाणे अर्थिंग. गाभा आणि पॅनेलच्या खोल्या यांचे सांगाडे तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडलेले हवेत. ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं वेष्टण तपासणाऱ्या यंत्राने) तपासून नोंद फाइलला लावा. ही नोंद नसेल तर ग्राहकाने ताबा घेऊ नये.

छपरावर तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसणार असेल तर तिचं वजन आणि वाऱ्याची ओढ सुरुवातीच्याच आराखड्यात धरा. पीएम सूर्यघर योजनेत २०२४ पासून तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. पत्र्याला भोक न पाडता घडीला पकडणारे क्लँप वापरा.

शेडची मांडणी

सुरुवातीला सहाशे चौरस मीटरची शेड पुरते, पण हुकाखाली सहा मीटर उंची आणि पाच टनी क्रेन हवी. टाइलसकट तयार गाभा तीन टनांच्या आसपास भरतो. कच्चा माल एका दाराने आत आणि घर दुसऱ्या दाराने बाहेर अशी सरळ रेघ ठेवा. रॉकवूल आणि जिप्सम बोर्ड जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून दूर ठेवायचे. उरलेले पत्र्याचे तुकडे भंगारात, बोर्डाचे मापाप्रमाणे रॅकमध्ये. रॉकवूल कापणाऱ्याला मास्क आणि हातमोजे, फायबर सिमेंट कापताना धूळ ओढणारं यंत्र. यावर तडजोड नको, कारण ती बारीक धूळ फुप्फुसात बसते.

प्रवास आणि उभारणी

पॅनेल उभी लादा, आडवी नाही, आणि शेवटी लागणारं पॅनेल सगळ्यात आत. १.२ बाय २.९ मीटरचं एक पॅनेल सव्वाशे किलोच्या आसपास असतं, चार माणसं ते उचलतात. त्यामुळे कोरड्या खोल्यांना क्रेन लागत नाही आणि ट्रेलर जिथं पोहोचत नाही तिथं ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात. गाभ्याचं काय, हा प्रश्न अशा जागी उरतो. ट्रेलर अजिबात जाणार नसेल तर गाभाही पॅनेलमध्ये करा आणि फक्त मोरीचा तळ एकसंध पाठवा.

गाभा उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, सहज मिळते. पण तिच्यावर लिहिलेले १२ किंवा १४ टन हे बूम आखडलेला असतानाचे. बूम लांबवला की क्षमता झपाट्याने घटते. ऑपरेटरकडून लोड चार्ट मागा, तुमचं अंतर आणि वजन त्यात बसवून पाहा. काळ्या मातीत चाकाखाली लोखंडी प्लेट टाका. चार कोपऱ्यांना आडव्या तुळईवरून पट्टे घ्या, थेट हुकाला बांधलेले तिरके पट्टे भिंती आत दाबतात. दोन टोकांना दोर धरून माणसं उभी करा आणि वारा सुटला असेल तर काम थांबवा.

उभारणी नोव्हेंबर ते मे या काळात घ्या. आधी गाभा बोल्टवर बसवा, ओळंबा आणि पातळी पाहा, मग त्याला चिकटून पहिलं कोपऱ्याचं पॅनेल. कोपरा गुण्यात आला की पुढचं काम सुरळीत जातं. त्याच दिवशी छप्पर झाकलं जाईल एवढीच पॅनेल एका दिवसात उभी करा. उघडं जिप्सम आणि रॉकवूल अवकाळीच्या एका सरीत वाया जातं.

गाभा आणि पॅनेलच्या खोल्या जिथं भेटतात तो सांधा सगळ्यात नाजूक. तिथं नुसत्या सिलिकॉनवर विसंबू नका. आतून दाबला जाणारा ईपीडीएम रबराचा गॅस्केट, बाहेरून घडी घातलेला पत्रा आणि वरून छपराचा सलग तुकडा, असे तीन अडथळे द्या. मग टँकर किंवा शेतातला पंप लावून त्या सांध्यावर अर्धा तास पाणी मारा आणि आत टॉर्च घेऊन बसा.

ताबा देताना

ग्राहकाला एक फाइल द्या: प्रत्येक भिंतीचा बोर्ड लावण्यापूर्वीचा फोटो, ज्यात पट्ट्या, पाइप आणि वायर दिसतील. खिळा कुठं मारायचा नाही हे त्यांना त्यावरूनच कळतं. कपाट किंवा पंखा टांगायच्या जागी आतून आधार दिलेला असेल तर तो नकाशावर दाखवा. सोबत दाबाची, पाण्याची आणि मेगरची नोंद, वापरलेल्या पोलादाचं वजन आणि घर उलगडण्याचा क्रम.

पहिला पावसाळा संपल्यावर, दसऱ्याच्या आसपास, कारखान्याच्या माणसाने स्वतःहून जाऊन घर तपासावं. अँकर बोल्ट परत आवळायचे, पन्हळीतला पाला काढायचा, गाभ्याखाली ओल आहे का बघायची आणि भिंतीच्या पोकळीच्या जाळ्या मुंग्यांनी मातीने बुजवल्या नाहीत ना ते पाहायचं. काळ्या मातीच्या प्लॉटवर चारही कोपऱ्यांची पातळी मोजून ताबा देतानाच्या आकड्यांशी ताडून पाहा आणि मे महिन्यात, माती पूर्ण सुकल्यावर, तीच मोजणी पुन्हा करा.